गुपिताचं ऑडिट

‘सिस्टिम फेल आहे ह्यांची,’ असं म्हणून ते पुस्तक मांडीवर पालथं घालायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि खिडकीबाहेर बघत मान हलवायचे. एवढं झालं की आमच्या कंपनीच्या बसमधल्या पुढच्या रांगांना कळायचं, जगातली आणखी एक गुप्त धार्मिक संघटना आज चाकणच्या अलीकडेच नापास झाली.

त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांच्या घरात अजून एक गुपित नांदतं आहे. बसमध्ये सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तुम्हीही तेच म्हणा. ते क्वालिटीला होते आणि मी प्लॅनिंगला. म्हणजे मी घाई करायची आणि त्यांनी माल अडवायचा, असं आमचं नातं. कंपनीत आमचं रोज वाजायचं. बसमध्ये मात्र ते माझ्या मागच्या सीटवर बसायचे आणि तिथे भांडण वर्ज्य होतं.

वाचायचे ते एकाच जातीची पुस्तकं. जाडजूड, इंग्रजीतून मराठीत आणलेली, मुखपृष्ठावर एक तरी मेणबत्ती आणि एक तरी खंजीर. आत शेकडो वर्षं दडवलेलं धर्माचं काहीतरी भयंकर गुपित. ते फुटलं तर जग उलथणार, म्हणून माणसं मारत सुटलेले धर्मगुरू. आणि ते शोधत देशोदेशी पळणारा एक प्राध्यापक, ज्याला कॉलेजात तास घ्यायला कधीही जावं लागत नाही. भाऊ या पुस्तकांना कंपनीतल्या रद्द झालेल्या ड्रॉइंगचं कव्हर घालायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय मन लावून गिअरबॉक्स वाचतायत!

खरं तर ते वाचायचे नाहीत, ऑडिट करायचे.

‘दोन हजार वर्षांचं गुपित,’ ते म्हणायचे, ‘आणि त्याचा नकाशा कुठं? तर देवळाच्या भिंतीवर कोरलेला! अहो, गुपित ठेवायचंय का प्रदर्शन भरवायचंय?’

एका पुस्तकात मरायला टेकलेला पुजारी पाणी मागायचं सोडून यमक जुळवत कोडं घालत होता. भाऊंनी निकाल दिला, ‘ह्याला ट्रेनिंगच दिलेलं नाही.’ दुसऱ्या एका पुस्तकात सतरा जणांचं मंडळ तळघरात जमून त्या गुपिताचं रक्षण करायचं. त्यावर ते माझ्या सीटच्या दांडीवर बोट वाजवून म्हणाले, ‘सतरा जणांना माहीत असलं की ते गुपित नसतं ताई, ते सर्क्युलर असतं.’

‘मग किती जणांत टिकतं?’ मी विचारलं.

‘एकात. दुसरा आला की मीटिंग.’

तळेगाव चौकात बस अडकली की ते गोष्ट सांगायला घ्यायचे. हातातल्या पुस्तकाची, पण अशी, की ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ओळखू आली नसती. त्यांचे धर्मगुरू ‘जेवून घ्या आधी’ म्हणायचे आणि मारेकऱ्यांना शिफ्ट असायच्या. भाऊ दम खायला थांबले की पेंट शॉपमधले एक लातूरकडचे गृहस्थ मान वळवून विचारायचे, ‘मंग पुढं काय झालं हो भाऊ?’ हळूहळू ते सगळ्या बसचंच वाक्य झालं. भाऊ थांबले की कुणीतरी म्हणायचंच, ‘मग पुढं?’ त्या चौकातल्या कोंडीला शिव्या न घालणारी अख्ख्या चाकणमधली आमची एकच बस असावी.

मी एकदा विचारलं, ‘भाऊ, तुम्ही देव मानता का हो?’

‘आईला मानतो,’ ते म्हणाले. ‘देवाचं खातं तिच्याकडं आहे.’

आई ऐंशीच्या घरातल्या. यांचं घराणं इथल्याच जुन्या गावातलं. गावठाणातलं घर बिल्डरला दिलं आणि मंडळी वाकडला अकराव्या मजल्यावर राहायला आली. सगळे रमले, आई रमल्या नाहीत. रोज एकदा तरी त्या पिशवी भरून दाराशी बसायच्या. ‘मला घरी सोड,’ म्हणायच्या. भाऊ सांगायचे, आई, घर पाडलं आता, तिथं खड्डा आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. देव्हाऱ्यात चांदीचा जुना टाक होता, त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा. देव्हारा बैठकीच्या भिंतीला, आणि घोड्याचं तोंड नेमकं फ्लॅटच्या दाराकडे. ‘बघ,’ आई म्हणायच्या, ‘देवाचं तोंड बी दाराकडं हाय. त्याला बी हितं करमत न्हाई. आमी दोघं बी निगतो.’

हे भाऊ हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर पुस्तक उघडायचे नाहीत. एवढ्या मोठ्या फ्लॅटचे हप्ते फेडणारा माणूस रोज घरातून निघताना आईला दाराशी पिशवी घेऊन बसलेली बघत होता.

मग आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा कधीचाच कामातून गेलेला. वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे पूजा भाऊंच्या गळ्यात पडली. आणि एके दिवशी ते बसमध्ये बसले, पुस्तक काढलं आणि तळेगाव चौक आला तरी पान उलटेना. मागून ‘मग पुढं?’ आलं, त्याचंही उत्तर नाही.

‘काय झालं भाऊ?’ मी वळून विचारलं.

‘टाक गेला,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘काल बसची वेळ झाली होती. ताम्हनातली फुलं उचलली आणि निर्माल्यात टाकली. त्यांच्याबरोबर देव गेला. संध्याकाळी सोसायटीचा निर्माल्य कलश उलटा करून बघितला, पण गाडी येऊन गेली होती.’

‘आईंना सांगितलंत?’

‘काय सांगू? तुझा देव निघाला होता, तो गेला?’

मला हसू आलं आणि पुढच्या क्षणी हसल्याची लाज वाटली. आईंना पिशवी भरायला आता खरंच कारण मिळालं असतं.

सोनाराकडे तयार टाक मिळतात, पण आईंचा हात त्या टाकावरून आयुष्यभर फिरलेला. कड कुठे झिजली, घोड्याच्या पायातलं कुत्रं कुठे आहे, हे त्यांच्या बोटांना पाठ. भाऊंच्या मोबाइलमध्ये दसऱ्याच्या पूजेचा फोटो होता. तळवड्याला त्यांचा एक डायमेकर मित्र होता, छोटंसं शेड आणि दोन मशिनं. त्याने फोटोवरून साचा कोरला आणि त्यात चांदीचा पत्रा दाबून हुबेहूब टाक काढला. भाऊंनी त्याची कड पॉलिश पेपरने झिजवली, हळद चोळली, समईची काजळी लावून पुसली. नंतर काडेपेटीत कापूस घालून तो बसमध्ये मला दाखवायला आणला.

‘लांबी, रुंदी, कडेची जाडी, सगळं व्हर्नियरनं तपासलंय,’ ते म्हणाले. ‘ओके टॅग लावायला हरकत नाही.’

माल पास करताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आईंना पूजेची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी भाऊ बसमध्ये चढले ते घामाघूम. माझ्या शेजारच्या बाईचा डोळा लागेपर्यंत कळ काढली आणि मग पुढे वाकले.

‘ताई, घोडा उलटा झालाय.’

‘म्हणजे?’

‘साचा आणि छाप एकमेकांच्या उलट असतात. फोटो आधी आरशासारखा उलटा करून मग कोरायला पाहिजे होता. मित्र विसरला, मी विसरलो. पंचवीस वर्षं डायचे पार्ट तपासतोय मी! पण घोड्याचं तोंड कुठं आहे, ते व्हर्नियरवर दिसत नाही ना.’

‘आईंना कळलं?’

कळलं होतं. नव्या डोळ्याने त्यांनी पहिल्यांदा देवाकडेच पाहिलं. मग भाऊंना जवळ बोलावलं, सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, ‘पोरा, घोडा फिरला. दाराकडं बघत हुता, आता घरात बघतोय. देवच हितं ऱ्हायचं म्हनतोय, मग मी कोन?’ आणि उठून त्यांनी दाराजवळची पिशवी रिकामी केली. लुगडी कपाटात लावली. वाकडला आल्यापासून पहिल्यांदा.

नंतर त्यांनी भाऊंच्या कपाळाला भंडारा लावला आणि शपथ घातली, ‘कुनाला सांगू नगंस. लोकांस्नी कळलं तर रांगा लागतील. बाया नारळ घिऊन येतील. लिफ्ट बंद पडंल.’

‘आता मी काय करू?’ भाऊ मला विचारत होते. ‘खरं सांगितलं तर ती पुन्हा पिशवी भरणार. नाही सांगितलं तर ती रोज तळवड्याच्या डायला हात जोडणार.’

मी म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही मला सांगितलंत. म्हणजे आता मीटिंग झाली.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसातलं पहिलं हसू हसले. ‘तुम्ही मिनिट्स लिहू नका म्हणजे झालं.’

त्यांनी आईंना सांगितलं नाही. आई रमल्या. खालच्या बागेत बाकावर बसायला लागल्या, मैत्रिणी केल्या, लिफ्टवाल्या पोरांना नावानिशी ओळखायला लागल्या. भाऊ मात्र बदलले. एकदा बस चौकात उभी होती आणि ते वाचत होते. कधीतरी त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं, चष्मा कपाळावर चढवला. आम्ही सगळे कान देऊन बसलो. ‘सिस्टिम फेल’ काही आलं नाही.

‘ह्यातला म्हातारा धर्मगुरू म्हणतो,’ ते म्हणाले, ‘की गुपित फुटलं तर देवाचं काही बिघडत नाही, माणसांची झोप जाते. म्हणून मी राखतो.’ मग म्हणाले, ‘आज मला ह्याचं पटलं. माणसं मारायची मात्र गरज नव्हती.’

आणि पुढे त्यांनी कुठल्याही संघटनेला नापास केल्याचं मला आठवत नाही.

ते रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. हार्ट अटॅक. बसमध्ये त्यांच्या सीटवर तेव्हा कानात बोंडं खुपसलेला एक इंजिनिअर बसायचा. तळेगाव चौकात बस तेवढीच थांबायची आणि आम्ही सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसायचो. मला त्या चौकाचा राग यायला लागला होता.

तेरावं झाल्यावर मी वाकडला भेटायला गेले. भिंतीवर भाऊंचा हार घातलेला फोटो, चष्मा नाकावर. वहिनी बोलल्या, रडल्या आणि आत गेल्या. आई देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी मला हाताने खूण करून बोलावलं.

‘तू बशीतली न्हवं? तो सांगायचा. लई भांडखोर हाय म्हनायचा.’

मी मान हलवली.

‘एक इचारू? खरं सांगशील?’ त्यांनी माझा हात धरला. ‘त्यानं तुला माझ्या देवाचं काय सांगितलं हुतं का?’

त्यांचा तो एक डोळा माझ्यावर लागला होता. मुलगा गेला होता, त्याने आईची शपथ पाळली की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

‘नाही आजी,’ मी म्हणाले. ‘देवाचं ते कधी बोलायचेच नाहीत. नुसती पुस्तकं वाचायचे.’

आजींचा चेहरा सैल झाला. ‘वाटलंच मला. माझं लेकरू. बायकूला बी सांगितलं न्हाई त्यानं. मरस्तवर पाळली शपथ.’ पदराने त्यांनी डोळे पुसले, आधी चांगला, मग दुसरा. ‘पर आता माझ्या मागं कुनाला तरी ठावं पायजे. घरात सांगितलं तर गर्दी व्हईल. तू लांबची हायस. पोटात ठिवशील. जरा जवळ सरक.’

देव्हाऱ्यात हळदीने माखलेला टाक होता. मी तो काडेपेटीत पाहिला होता, त्यानंतर आजच पाहत होते. झिजवलेली कड आता खरीच झिजली होती. घोडा आतल्या खोल्यांकडे बघत होता. भाऊ भिंतीवरून आम्हा दोघींकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि त्यांचं ‘दुसरा आला की मीटिंग’ आठवून हसूही येत होतं.

आजींनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

‘ह्यो घोडा हाय न्हवं, ह्यो पयला दाराकडं बघायचा.’

मी जवळ सरकले.

‘मग पुढं काय झालं, आजी?’