मुलाखतीत दिलेलं उत्तर

अजून नोकरीलाही न लागलेल्या मुलाने मोठ्या साहेबाच्या खुर्चीविषयी लिहावं हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल माफी असावी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

सांगलीला आमच्या कॉलेजात एका सॉफ्टवेअर कंपनीची तीन माणसं मुलाखती घ्यायला आली होती. पुढे काय व्हायचंय, असं त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या कंपनीचा मुख्य अधिकारी," मी म्हणालो.

तिघेही हसले. पण त्यांचा आताचा मुख्य अधिकारी साधा प्रोग्रॅमर म्हणून लागला होता, हे सकाळी त्यांनीच आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. मी चाचरतच तेवढं बोलून दाखवलं. मग पुढचा प्रश्न न विचारताच त्यांनी मला जायला सांगितलं.

माण तालुक्यातल्या घरी येऊन वडिलांना, म्हणजे दादांना, सगळं सांगितलं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत.

"घालवलीस नोकरी! शिपायाचा कर्नल झालेला बघितलाय का कवा? उद्यापास्नं भरतीसाठी पळायला लाग."

"आवं दादा, त्यांनी इचारलं म्हणून सांगितलं. परत इचारलं तरी ह्येच सांगीन."

"लय शाना झालास."

मी पळायला गेलो नाही. दादांनी बोलणं टाकलं, जेवायला बसलो तरी आईमार्फत विचारायचे, "साहेबांना भाकरी पायजे का?" मी भाकरी मागून घ्यायचो.

शेवटी कॉलेजातून सरांचा फोन आला. त्या कंपनीने मला घेतलं होतं, सगळ्यात खालच्या पदावर.