देव पुढच्या सीटवर

आमच्या घरात गाडीची पुढची सीट मानाची. गाडी आली त्या दिवसापासून तिथं मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसायचे आणि त्यांच्या मांडीवर माझी दोन वर्षांची लेक. तिचे हात डॅशबोर्डला पोहोचावेत म्हणून ते सीट पार पुढं ओढून घेत. पट्टा त्यांना नको होता, आणि तो लावला नाही की गाडी ओरडते, म्हणून तो त्यांनी मला पाठीमागून अडकवून ठेवायला लावलेला. समोरच्या ऊन अडवायच्या झडपेवर लहान मुलाला पुढं बसवू नका असं सांगणारं चित्र होतं. त्यावर त्यांनी कुलदैवताचा फोटो चिकटवला होता.

नवरा सैन्यात, गाडी चालवायची मीच. एकदा धीर करून त्यांना सांगितलं, की गाडी आदळली तर समोरून एअरबॅग उघडते आणि ती पोरीच्या तोंडावरच येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फुगाच हाय न्हवं? मऊच असंल," ते म्हणाले.

सासऱ्यांशी वाद घालायची आमच्याकडं रीत नाही. पण दर ब्रेकला माझं लक्ष आधी लेकीकडं जायचं, आणि मला त्यांचा रागही यायचा. लेकीसाठी आणलेली छोटी सीट माळ्यावर धूळ खात होती.

मग देवभेट आली. देव्हाऱ्यातले टाक दुरडीत घालून, सोबत नारळ घेऊन आम्ही वर्षातून एकदा कुलदैवताला जातो. मामंजी दुरडी डिकीत ठेवायला निघाले.

"मामंजी, देव डिकीत आणि आपण पुढं, बरं दिसंल का?" मी विचारलं.

त्यांनी दुरडी माझ्या हातात दिली. ती पुढच्या सीटवर ठेवून मी तिला पट्टा लावला. माळ्यावरची सीट मागं बसली, तीत लेक बसली आणि तिच्या शेजारी मामंजी, जरा फुगूनच. बायकोच्या पुढं कधी नमले नसतील, सुनेपुढं मात्र देवामुळं नमावं लागलं.

तासगाव सोडल्यावर एका द्राक्षबागेच्या वाटेवरून ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला, तरी गाडी ट्रॉलीवर आदळलीच. मोठा आवाज करत एअरबॅग उघडल्या, आत पांढरी भुकटी पसरली, जळकट वास आला. लेक मोठ्यानं रडत होती, म्हणजे ठीक होती. मामंजींनाही लागलं नव्हतं.

पुढची दुरडी एअरबॅगच्या तडाख्यानं चेपून वेडीवाकडी झाली होती. नारळ उडून दारावर आदळला होता आणि खोबऱ्याचे तुकडे सीटभर पडले होते. मामंजी उतरून पुढच्या दाराशी आले. सीटच्या वर, आपल्या मांडीवर लेकीचं डोकं जिथं यायचं तिथं, त्यांनी हवेतच तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ट्रॅक्टरवाला माफी मागत होता, त्याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर देवानं अंगावर घेतलं असं ते भेटेल त्याला सांगत राहिले. मी खोडून काढलं नाही. पोरगी मागं बसणार असेल तर श्रेय कुणालाही मिळो.

गाडी दुरुस्त होऊन आली. राहिलेली देवभेट पुरी करायची म्हणून मी नवी दुरडी मागच्यासारखीच पुढच्या सीटवर ठेवली. मामंजींनी ती उचलली. मला वाटलं, झालं, पुन्हा मांडीवरचे दिवस आले.

"देव मागं ठेव, पोरीशेजारी," ते म्हणाले. "पुढं मी एकलाच बसतो."

ते बसले. सीट त्यांनी मागं सरकवली आणि पट्टा ओढून घेतला. तो कुठं अडकवायचा हे त्यांना माहीत नव्हतं. मी अडकवून दिला.