दंडापर्यंतची पिन

जरीपटका भागात एका मठाची शाळा आहे, तिथे मी शिकवते. सकाळी फाटकाशी आमच्या मोठ्या बाई उभ्या असतात. आम्ही शिक्षिका कितीही वयाच्या असलो तरी त्यांच्या लेखी पोरीच. "काहून वं, पदर कुठी चालला?" म्हणत त्या आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढतात आणि पदर खांद्यापासून दंडापर्यंत असा टाचतात, की हात वर जात नाही. टाचताना मात्र स्वतःची दोन बोटं आत धरतात. टोचलीच तर त्यांना टोचावी.

परवा मठाचे एक विश्वस्त आम्हाला बायकांच्या शालीन पोशाखावर चार शब्द सांगायला आले. पूजेवरून थेट आलेले, धोतर आणि उघड्या अंगावर उपरणं. बोलण्याच्या भरात हात उंचावला की उपरणं खाली यायचं. आम्ही माना खाली घातल्या. मोठ्या बाई उठल्या, बांगडीतली पिन काढली.

"भाऊ, हालू नका."

उपरणं दोन्ही खांद्यांवरून दंडांपर्यंत ओढून त्याच्या दोन्ही कडा त्यांनी छातीवर अगदी आमच्या पदरासारख्या घट्ट टाचल्या, दोन बोटं आत धरून.

"बाई, हात वर जाऊन नाही राहिला," ते म्हणाले.

"नाहीच जात. म्हणून तर माह्या पोरी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहितात."

ते उरलेलं भाषण हात न हलवता बोलले, आणि लवकर संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई फाटकाशी होत्याच. माझा पदर त्यांनी तितकाच घट्ट टाचला.