सहा नंबरचं खोकं

आमच्या मसोलीच्या चिकूच्या शेडवर किस्से शोधावे लागत नाहीत. पाच बायका गोल करून चिकू निवडत बसतात, मी सुपरवायझर म्हणून उभा राहतो, आणि रोज एकतरी किस्सा होतोच!

*

शेठनी मला डहाणू रोडला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. टीम बांधायची तर माणसांच्या भावना ओळखा, असं तिथे शिकवलं. मला पटलं. परत आल्यावर प्रेमाने विचारलं, "लखमी, आज मनात काय चाललंय?"

तिच्या हातातला चिकू खाली पडला.

"साहेब, कामावरून काढताय का?"

*

मग हजेरीच्या वहीत नावापुढे चेहरा काढायला सांगितला, हसरा किंवा रडका. पेमीने रडका काढला. मी तिच्याजवळ बसून अर्धा तास चौकशी केली. दुसऱ्या दिवसापासून पाचही चेहरे हसरे! मी खूश.

"रडका काढला की तुम्ही येऊन बसता," पेमी म्हणाली, "मग काम कधी करायचा?"

*

कुतूहल काही जाईना. या बायका एवढं काय बोलतात? आणि वयस्कर जानीकाकूला रोज लखमी-पेमीच्या मधेच का बसवतात? गप्पा कमी व्हाव्यात म्हणून मी सगळ्यांना लांब लांब बसवलं.

त्याच आठवड्यात चिरलेल्या चिकूंची तक्रार आली, तेव्हा कळलं. जानीकाकूला आता बारीक चीर दिसत नाही. दोघी गप्पा मारता मारता तिचं खोकं नजरेखालून घालत होत्या. ते मी मोडलं होतं! फार वाईट वाटलं. लगेच सगळ्यांना पुन्हा जवळ बसवलं.

*

पण शेठ भडकले होते. प्रत्येक खोक्यात निवडणारीच्या नंबरची चिठ्ठी टाकायची, जिचा माल खराब निघेल तिचं काम बंद! जानीकाकूचं घर या कामावरच चालतं. मी नाइलाजाने एक ते पाच नंबर वाटून दिले. चिठ्ठ्या बायकाच लिहून टाकायच्या.

नेमका माल एवढा आला, की दुसरीच्या खोक्यात बघायला कुणाला फुरसत नव्हती. चार दिवसांनी शेठचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"तीन खोकी परत आली, तिन्हीत सहा नंबर! कोण ही? उद्यापासून नको!"

मी बायकांकडे पाहिलं. कुणी मान वर करेना. जानीकाकूचा हात मात्र थांबला होता.

"शेठ, सहा नंबर मी. निवडायला शिकत होतो."

शेठ वैतागले.

"तू उभाच राहा रे बाबा!"

फोन ठेवला. लखमी सरकली आणि जानीकाकूशेजारी जागा केली.

"बसा, सहा नंबर."