आमच्या दोघांचा मामांवरचा राग

दामूमामा गेल्याचं मला काशिनाथनं सांगितलं. मी मागच्या अंगणात विहिरीवर पाय धूत होतो. "जव्हारचे मामा गेले, पहाटेला," एवढं बोलून तो पायरीवर बसला. मामा माझे, आईचे धाकटे भाऊ. काशिनाथ माझा चुलतभाऊ, त्याचं मामांशी रक्ताचं नातं नाही. तरी निरोप त्याच्या फोनवर आला, कारण नंबर बदलल्यावर मी मामांना तो कळवलाच नव्हता...

मामा एसटीत कंडक्टर होते. आवाज मोठा, आणि तिकीट देण्याआधी माणसाची खुशाली विचारायची सवय. सूर्यमाळच्या बाजूची माणसं त्यांना नावानं ओळखत. निवृत्त झाले तरी कुणाचं काही अडलं की ते पिशवी उचलून निघायचे. तसेच ते एका उन्हाळ्यात, मी बोलावलं म्हणून, मोखाड्याला आमच्या घरी आले होते.

घर आमच्या आजोबांचं, दोघांच्या वडिलांच्या नावावर. वडील गेले आणि ते आम्हा दोघांचं झालं. काशिनाथ ठाण्याची मजुरी सोडून परत आला, त्याच सुमारास घरापुढचा रस्ता पक्का झाला. पुढच्या बाजूला त्याला पिठाची गिरणी टाकायची होती, मला दुकान. मागे विहीर. वैशाखात आख्खा पाडा हंडे घेऊन वणवणतो तेव्हाही तिला पाणी असतं, म्हणून तीही दोघांनाच हवी होती. घर उभं कापलं तर दोघांच्याही वाट्याला नुसता बोळ येत होता. बोलणं बंद झालं, बायकांनी चुली वेगळ्या केल्या, कोर्टात जाण्याची भाषा सुरू झाली. मामा आल्याचं पाहून काशिनाथ तोंडावर म्हणाला, "मामा तुजा, मंग तो तुजीच बाजू घेणार."

मामा आमच्या ओट्यावर मुक्कामाला राहिले. सकाळी एका चुलीवर जेवायचे, संध्याकाळी दुसऱ्या. दोघांचं ऐकून घेतलं आणि एके दिवशी आम्हाला समोरासमोर बसवून म्हणाले, "पुढचं काशिनाथचं. मागचं आणि विहीर तुझी. तो पाणी तुझ्या अंगणातून नेईल, तू रस्त्याला त्याच्या ओट्यावरून जाशील. मध्ये भिंत घालायची नाही."

रस्ता गेला म्हणून मी जळलो, आपल्याच माणसानं दगा दिला असं वाटलं. विहीर गेली म्हणून काशिनाथ धुमसत राहिला. सह्या केल्या, पण मामांना स्टँडवर सोडायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. पुढे त्याची बायको पाण्याला यायची, मी त्याच्या ओट्यावरून जायचो. कधीतरी तो म्हणाला, "तुज्या मामानं काय वाटणी केली रे ही..." मी म्हणालो, "माझं तरी कुठं भलं केलं?" कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांशी धड बोललो ते असं, मामांना नावं ठेवत. मग ती सवयच लागली. कौलं गळली, पाण्यावरून कुरबूर झाली की आम्ही दोघं मिळून मामांवर घसरायचो आणि हलके व्हायचो. माझ्या मुलीच्या लग्नाचा मांडव दोघांनी मिळून घातला. मामांना बोलवायचं की नाही असा विषय निघाला तेव्हा काशिनाथ म्हणाला, "राहू दे, परत काहीतरी निघेल." मी मान डोलावली. आईच्या मागे मुलीला आशीर्वाद देणारं आईच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

अंत्यविधीला आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर गेलो. दिवसकार्यानंतर मंडळी पांगल्यावर मामींनी आम्हाला थांबवून चहा दिला.

"तुमच्याकडचं कुणी आलं की यांचं पहिलं विचारणं तेच," त्या म्हणाल्या. "ते दोघं बोलतात का? बोलतात म्हटलं की विचारायचे, मला शिव्या देतात का? देतात म्हटलं, की पोटभर जेवायचे."

काशिनाथनं कप खाली ठेवला. मी म्हणालो, "मामी, एकदा निरोप धाडायचा. आलो असतो आम्ही."

"मी म्हटलं होतं त्यांना. लग्नाचं कळलं तेव्हा तर फार म्हटलं. तर म्हणाले, राहू दे. माझ्यावर रागावलेत तोवर एकमेकांवर नाहीत." दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "आता घरी जाऊन भांडू नका. आता राग काढायला कुणी नाय तुमचं."

याला महिना होत आला. परवा गिरणीची पोती माझ्या वाटेत आडवी पडली होती. एरवी मी मामांना दोन शब्द ऐकवून ती ओलांडली असती. तोंडाशी आलेलं तसंच राहिलं आणि मी तिथंच उभा राहिलो. काशिनाथ गिरणीतून बाहेर आला. त्यानं पोत्याचं एक टोक धरलं आणि मी दुसरं धरण्याची वाट पाहत वाकून राहिला.