मातीला कान लावणारा माळी

मोगऱ्याला घातलेलं पाणी कुंडीवरून सांडून खालच्या काकूंच्या पापडांवर पडायचं. काकूंनी बोलणंच टाकलं, तेव्हा मी आमच्या द्वारका उपनगरातल्या सोसायटीच्या माळीबुवांना बोलावलं. ते गुडघ्यांवर बसले आणि मातीला चक्क कान लावला. मी श्वास रोखून उभी.

"मॅडम, मिट्टी मुँह बंद करके बैठी है. पानी पिएगी कैसे?"

त्यांनी खुरप्याने वरची कडक पापडी फोडली, माती भुसभुशीत केली आणि ऊन लागू नये म्हणून वाळका पाला पसरला. पाणी घातलं तर थेंबभरही सांडलं नाही, आणि ओल तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली. काकूही बोलू लागल्या.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "भैया, मिट्टी सच में बोलती है?"

"नहीं मॅडम. कान लगाता हूँ तो लोग चुप हो जाते हैं. सोचने को टाइम मिलता है."