आभाराचा रकाना

माझ्या हातून माझ्याच मुलीचं नुकसान होतंय आणि देव ते नुसता बघत बसलाय, असं त्या वर्षी मला कित्येक दिवस वाटत होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे लोक मोठ्या आजारांतून उठलेले असतात, कोणी अपघातातून वाचलेले असतात. माझ्याकडे तसं काही नाही. निळ्या टेपचा एक रोल, आठ वर्षांची एक मुलगी आणि दोह्याजवळच्या लुसैलमधल्या एका टॉवरचा अकरावा मजला, एवढंच आहे. तरी सांगतो, कारण न सांगितलं तर उपकार विसरल्यासारखं होईल.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मिशन कंपाउंडात वाढलेले. माझी बायको करुणा दोह्यात नर्स आहे आणि मी इमारतींच्या फिनिशिंगचा इन्स्पेक्टर. तेव्हा कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपला तीनेक वर्षं उरली होती आणि सगळ्या शहराला घाई झाली होती. अल मन्सूऱ्यातल्या आमच्या घरासमोरचा रस्ता सकाळी एका बाजूने खोदलेला असे आणि संध्याकाळी दुसऱ्या. माझं काम सरळ होतं. रंगवून झालेल्या खोलीत टॉर्च घेऊन शिरायचं, भिंतीवर प्रकाश तिरका मारायचा आणि जिथे फुगवटा, चीर, ओघळ दिसेल तिथे निळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा. मग त्या तुकड्यांची यादी करायची. बारा वर्षं मला दोष शोधण्याचा पगार मिळत होता आणि त्याची सवय हाडात मुरली होती. करुणा म्हणायची, तुम्ही प्रार्थनेतसुद्धा देवाला अपुऱ्या कामांची यादीच वाचून दाखवता. मला ते कौतुक वाटायचं.

आमच्या सुवार्ताला आम्ही एका लहानशा ख्रिस्ती शाळेत घातलं होतं. भाड्याच्या व्हिलात भरणारी शाळा, सगळी मिळून साठेक मुलं. रविवार, मंगळवार, गुरुवार मुलांनी वर्गात शिकायचं आणि सोमवारी, बुधवारी घरी आईबापांनी शिकवायचं. धडे शाळाच आखून द्यायची. मुलाचा पहिला शिक्षक आईबाप असतात, असं त्यांचं म्हणणं, आणि प्रवेश घेताना आम्ही तसं लिहूनही दिलं होतं. करुणाची ड्यूटी सतत बदलती, त्यामुळे घरचे दिवस माझ्या वाट्याला आले. त्या दोन दिवशी मी दुपारची पाळी मागून घेतली. मला वाटलं, तिसरीचा अभ्यास तो काय, चौदा मजले तपासणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड आहे. अशी घमेंड फार टिकत नाही, पण माझी दीड महिना टिकली.

मी तिला जेवणाच्या टेबलावर बसवायचो आणि समोर खुर्ची ओढून बसायचो. ती वाचायला लागली की अडखळलेल्या प्रत्येक शब्दाशी मी टेपचा बारीक तुकडा चिकटवायचो. वहीत अक्षर वाकडं गेलं, टेप. बेरीज चुकली, टेप. यात मला वावगं काहीच वाटत नव्हतं, उलट ही आपली शोधून काढलेली पद्धत आहे असं वाटे. शेवटी पानभर निळे तुकडे दिसायचे आणि मी म्हणायचो, "चला, आता एकेक क्लिअर करू." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवसांत तर तेही कमी झालं. "ओके, पप्पा," एवढंच.

दर घरच्या दिवशी एक तक्ता भरून शाळेला द्यायचा असे. काय शिकवलं, किती वेळ लागला, काय अडलं. शेवटचा रकाना होता : आज या मुलासाठी देवाचे आभार कशाबद्दल मानाल? आमच्या साइटवर फॉर्मचा कुठलाही रकाना मोकळा ठेवत नाहीत. लिहिण्यासारखं नसेल तर 'लागू नाही' लिहायचं असतं. मी इमानेइतबारे दर वेळी त्या रकान्यात 'लागू नाही' लिहीत गेलो.

एका बुधवारी मी वही उघडली तर आधीच्या चार पानांवरच्या टेपा तिने ओढून काढलेल्या. टेपेबरोबर कागदही निघून आला होता, आणि कागदाबरोबर तिची अक्षरं. पानांना भोकं पडली होती. मी चिडलो. वह्या फाडायला देतो का तुला, असं बरंच काही बोललो. ती रडली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि त्या दिवसापासून मोठ्याने वाचणं बंद केलं. घरीही नाही आणि शाळेतही नाही. वर्गात तिची पाळी आली की उभी राहायची, पुस्तकाकडे बघायची आणि खाली बसायची.

तिच्या मिसनी मला बोलावून घेतलं. कोट्टयमकडच्या बाई, पन्नाशीच्या, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी माझे तक्ते समोर ठेवले आणि शेवटच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत फिरवलं. लागू नाही, लागू नाही, लागू नाही. "सर, ये मुझे समझ में नहीं आया," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की सत्राच्या शेवटी प्रत्येक मूल शास्त्रातला एक उतारा सगळ्यांसमोर वाचतं. तोवर सुवार्ताचा आवाज परतला तर छानच, नाही तर घरचे दिवस तिला मानवत नाहीत असं समजून रोज भरणारी शाळा बघितलेली बरी. त्यांचं चुकत नव्हतं. पण वर्षाच्या मध्ये दुसऱ्या शाळेत जागा मिळणं कठीण, हे दोह्यातल्या कुठल्याही आईबापाला विचारा. मग एकच वाट उरत होती. सुवार्ताला नगरला तिच्या आत्याकडे पाठवायचं आणि आम्ही दोघांनी इथे फोनवर तिचं तोंड बघायचं. करुणाने ते ऐकून घेतलं. तिने डब्यात चपात्या भरल्या आणि ड्यूटीला निघून गेली.

शुक्रवारी उपासनेला गेलो. इकडे आमचा प्रभूचा दिवस शुक्रवारीच पाळावा लागतो, रविवारी सगळे कामावर. आजूबाजूच्या हॉलांत चार भाषांतली गाणी चालली होती आणि मी डोळे मिटून देवाशी भांडत होतो. नेहमीची यादी होतीच. मुलीचं वाचन, तिचं मौन, शाळा, करुणाचा अबोला. त्या यादीत माझं नाव कुठेच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी मी म्हणालो, मला काही दिसत नाही, तूच दाखव. तेही रागानेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साइटवर अकराव्या मजल्याचा पॅसेज दाखवायचा होता. वरिष्ठ दुपारी येणार आणि रंग सकाळीच लागलेला. पूर्ण वाळलेला नव्हता, हे मला कळत होतं, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी भराभर टेपा लावत सुटलो. पॅसेजच्या टोकाला एक म्हातारे रंगारी पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होते. आमच्या टोळीतले नव्हते. बाराव्या मजल्यावर जायचं होतं, लिफ्टवाल्याने चुकून इथे उतरवलं, तर म्हटलं चहा पिऊनच वर जावं, असं त्यांनी मागाहून सांगितलं. नाव इब्राहिमभाई, गाव रत्नागिरीकडचं.

"साहेब, तुमी मराठी ना? मगाशी फोनवर ऐकलं," ते म्हणाले. मी मान हलवली. "मग राग मानू नका. ओल्यावर टेप लावू नका."

ते उठून आले आणि मी लावलेला एक तुकडा त्यांनी नखाने अलगद सोडवला. टेपेबरोबर रंग निघून आला, खालची पुट्टी उघडी पडली. "दोष होता तांदळाएवढा. आता बघा केवढा झाला."

"मग दाखवायचा कसा?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"कागदावर लिवा. नायतर उद्या या. वाळल्यावर अर्धे आपसूक जातात. रायलेले रंगारी सोता दाखवतो तुमाला."

माझ्या डोळ्यांसमोर ती भोकं पडलेली पानं आली. टेपेला चिकटून आलेली तिची अक्षरं आली. मी त्यांच्या बादलीवर बसलो आणि मला रडू आवरेना. इब्राहिमभाई घाबरले. "साहेब, रंगाचा वास चढला काय?" म्हणत त्यांनी उरलेला चहा माझ्या हातात दिला. तो चहा गारढोण झाला होता आणि मी तो शेवटपर्यंत प्यायलो. काल मी दाखव म्हणालो होतो. आज मला दिसलं होतं. याहून जास्त त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

सोमवारी सकाळी मी सुवार्ताची माफी मागितली. बापाने लेकीची माफी मागायची कशी, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे ती धड जमली नाही. मग टेपचा रोल तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "आज तू इन्स्पेक्टर. मी वाचतो." तिचंच इंग्रजीचं पुस्तक घेतलं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, रिपोर्ट लिहिणं वेगळं आणि परीची गोष्ट मोठ्याने वाचणं वेगळं. तिसऱ्याच ओळीला माझी गाडी अडली. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. मला खरोखर लाज वाटली. तिने टेपचा एक तुकडा फाडला, बोटावर धरला. मी वाट बघत होतो. तिने त्या तुकड्याची गोळी करून ती टेबलाखाली टाकली.

"ट्राय अगेन, पप्पा," ती म्हणाली. "आय विल वेट."

वर्गात मिस असंच म्हणत असणार. घरात ते वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. मी पुन्हा वाचलं, या वेळी जमलं. मग तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि पुढचं पान मला वाचून दाखवलं, हळू, पण मोठ्याने. त्या दिवशी शेवटच्या रकान्यात मी लिहिलं : तिने टेप लावली नाही.

तिच्या वाट्याला आलेला उतारा आंधळ्याला दृष्टी मिळाल्याचा होता. प्रभूने त्याच्यावर हात ठेवले, तर त्याला आधी माणसं धूसर, चालत्या झाडांसारखी दिसली. मग प्रभूने पुन्हा हात ठेवले आणि त्याला स्वच्छ दिसलं. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आलोय. सुवार्ताने सराव करताना विचारलं, येशूला पहिल्या वेळी नीट जमलं नव्हतं का? मी म्हणालो, जमलं असतं, पण त्याला घाई नव्हती. उत्तर शास्त्राला धरून आहे की नाही, पाळकसाहेब जाणोत. तिला पटलं.

सत्राच्या शेवटी व्हिलाच्या अंगणात ती उभी राहिली. करुणा ड्यूटी बदलून आली होती आणि माझा हात तिने घट्ट धरला होता. मधेच एका शब्दाला सुवार्ता अडखळली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही, नुसता बसून राहिलो. तिने श्वास घेतला, तो शब्द पुन्हा वाचला आणि शेवटपर्यंत गेली. मिस टाळ्या वाजवत होत्या. करुणा रडत होती. आत्याकडे पाठवायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मी इब्राहिमभाईंना शोधून काढलं आणि आभार मानले. त्यांना ते बोलणं आठवतही नव्हतं. "आमी रोज कुणाला ना कुणाला सांगतो, साहेब, ओल्यावर टेप लावू नका. ऐकतं कोण?" म्हणाले आणि हसले. मी त्यांना गरम चहा पाजला.

सत्राअखेरच्या फॉर्मवर आभाराचा रकाना मला पुरला नाही, मागच्या पानावर जावं लागलं. त्याखाली एक रकाना होता : मुलात अजून काय सुधारायला हवं? तिथे मी लिहिलं, लागू नाही. मिसनी फोन केला की सर, तिचे पाढे कच्चे आहेत, माहीत आहे ना? मी म्हणालो, माहीत आहे, वाळल्यावर बघू. त्यांना काही कळलं नसावं, पण फॉर्म त्यांनी परत पाठवला नाही.

हल्ली जेवणाआधी प्रार्थना करताना मी यादी वाचत नाही. प्रभू, हे घर तुझ्या हाती आहे, एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. वेळ जातो, आमटी निवते. मग करुणा एक डोळा उघडून बघते की यांना झोप लागली की काय. सुवार्ता तिला हळूच सांगते, "मम्मा, ही इज वेटिंग."